डोईला टोपी, नावावर शेत

प्रश्न : मोबाइलवर परदेशातल्या शेतकरी बायकांचे व्हिडिओ बघते. डोक्याला पांढरी टोपी, पायघोळ झगा, घोड्याची बग्गी, घरात आठ-दहा लेकरं. दूध, पाव, लोणची सगळं घरचं. खाली ‘मेनोनाइट’ असं लिहिलेलं असतं. हे कोण लोक? त्या बाया आमच्यासारख्या निंदायला-वेचायला जातात का? जमीन त्यांच्या नावावर असते का? आणि आपल्या देशात असं कुणी आहे का?
— एक वाचक, येलदरी (ता. जिंतूर, जि. परभणी)

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचं उत्तर तुमच्या जुन्या राज्यातच आहे. परभणी जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. नलगोंडा आणि महबूबनगरही त्याच राज्यातले. अब्राहम आणि मारिया फ्रीझन हे मेनोनाइट जोडपं 1889 मध्ये रशियातून निघालं आणि नलगोंड्यात मिशनच्या कामाला लागलं. पुढे अमेरिकेतली मेनोनाइट मंडळी आली आणि महबूबनगरकडे तेलुगू बोलणारा मोठा मेनोनाइट समाज उभा राहिला. छत्तीसगडातल्या धमतरीला त्यांचं मिशन 1899 मध्ये सुरू झालं. तेव्हा तो मुलूख मध्य प्रांतात होता आणि कारभार नागपुरातून चाले. आज देशात मेनोनाइट आणि त्यांच्या भाऊबंद पंथांची माणसं दोन लाखांवर आहेत. तेलंगणातली यांतली पुष्कळ घरं दलित शेतमजुरांची. तिथली बाई साडी नेसते, चिखलात वाकून भाताची लावणी करते आणि रविवारी चर्चला जाते. डोईला टोपी नाही, दारात बग्गी नाही, म्हणून तिचा व्हिडिओ कुणी काढत नाही, इतकंच.

व्हिडिओतल्या बायांची गोष्ट युरोपातून सुरू होते. 1525 मध्ये झुरिकमध्ये काही जणांनी ठरवलं की बाप्तिस्मा तान्ह्या लेकराला द्यायचा नाही, जाणत्या माणसाने तो स्वतःहून घ्यायचा. हत्यार धरायचं नाही, हाही यांचा नियम. राजांना आणि धर्मपीठांना हे कसं चालावं? छळ झाला, माणसं जाळली, बुडवली. नेदरलँड्समधला मेनो सिमन्स हा पाद्री 1536 मध्ये यांना येऊन मिळाला. पंथाचं नाव त्याच्यावरून पडलं. (1693 मध्ये यांच्यातूनच फुटून निघाले ते आमिश. तुमच्या निम्म्या व्हिडिओंत तेच असण्याची शक्यता आहे.)

पुढचा इतिहास बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरण्याचा. तुम्ही राहता पूर्णेचं पाणी अडवलेल्या धरणापाशी. हे लोक पाणी हटवण्यात पटाईत. पोलंडमधल्या व्हिस्तुला नदीच्या मुखाशी दलदल उपसून त्यांनी शेती केली. मग रशियाच्या कॅथरीन राणीचं बोलावणं आलं, सैन्यातून सूट आणि घरटी सुमारे पावणेदोनशे एकर जमीन! 1789 पासून ते आजच्या युक्रेनमध्ये वसले. 1870 च्या दशकात ती सूट जाण्याची वेळ आली, तेव्हा हजारोंनी अमेरिका-कॅनडा गाठलं. कॅनडाने इंग्रजी शाळांची सक्ती केल्यावर त्यांतले सनातनी 1922 मध्ये मेक्सिकोला गेले, तिथून काही पुढे बोलिव्हियाला. बग्गीवाले बहुतेक या आणि अशाच जुन्या वळणाच्या वसाहतींतले. बाकी जगभरचे मेनोनाइट तुमच्या-आमच्यासारखे शाळेत शिकवतात, दवाखाने चालवतात, मोटारीतून फिरतात.

आता बाईचा दिवस. जुन्या वळणाच्या घरात नांगरट-पेरणी पुरुषांची, गोठा-कोंबड्या-परसबाग बायकांची. निंदणी परसात असतेच आणि सुगीत हात कमी पडले की शेतातही जावं लागतं. मेक्सिकोत मेनोनाइटांचं चीज प्रसिद्ध आहे. त्यासाठी लागणाऱ्या दुधाची धार पिढ्यान्‌पिढ्या बाया-पोरींनी काढली, चीजचा कारखाना मात्र पुरुषांचा. ही वाटणी तुम्हाला नवी वाटणार नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस फळं, काकड्या, टोमॅटो बरण्यांत भरून ठेवण्याची धांदल, कारण कॅनडासारख्या थंड मुलखात पुढे कित्येक महिने बर्फ. धुणं सोमवारी, पाव भाजायचे शनिवारी. रविवारी काम बंद, म्हणून दुपारी ‘फास्पा’ नावाचं थंड खाणं : आदल्या दिवशीचे पाव, मुरंबा, चीज आणि कॉफी. त्यामुळे तेवढ्या एका वेळेपुरती बाईला चुलीपासून सुटी मिळते. ही रीत मला फार आवडते. पाहुणे मात्र त्याच दिवशी न सांगता येतात!

मुलं कशी सांभाळतात, तर थोरली धाकटीला सांभाळते. शाळा सातवी-आठवीच्या आसपास संपते, पोरगी लगेच कामाला लागते. वसाहतीत कुणाचं घर पडलं-जळलं तर आपल्या इर्जिकेसारखे सगळे जमतात आणि बाया पंक्तीचं रांधतात. जमून वाकळा शिवण्याचीही रीत आहे. आजही अशा वाकळांचा लिलाव करून तो पैसा दुष्काळ-युद्धातल्या लोकांना पाठवतात. डोरिस जॅनझन लाँगएकर या मेनोनाइट बाईंनी 1976 मध्ये कमी मांस वापरून कसं रांधावं याचं पाकपुस्तक काढलं, ते घरोघरी पोचलं. त्यात आपल्याकडचे पदार्थही आहेत.

जमिनीचं उत्तर तुम्हाला चकित करील. रशियातल्या या वसाहतींत लिखित नियम होता : नवरा-बायकोपैकी एक गेलं की निम्मी मालमत्ता मागे राहिलेल्याची, उरलेली निम्मी मुलांची, आणि त्यात मुलगा-मुलगी समसमान. विधवेला दुसरं लग्न करायचं असेल तर आधी मुलांचा वाटा लिहून ठेवावा लागे. हे पाहायला वसाहतीची स्वतंत्र कचेरी असे. शेताचे तुकडे पाडायचे नाहीत, म्हणून वाटा बहुधा पैशात फिटायचा. त्यामुळेच 1860 च्या सुमारास तिथे भूमिहीनांचा मोठा तंटा उभा राहिला. पण मुलीचा हक्क कुणी नाकारला नाही. आपल्याकडे वडिलोपार्जित जमिनीत मुलीला बरोबरीचा वाटा महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये दिला.

मात्र या वसाहतींना स्वर्ग समजू नका. हिस्सा मिळाला तरी गावसभेत आणि चर्चमध्ये बाईला मत नव्हतं. बोलिव्हियातल्या मानितोबा वसाहतीत 2005 ते 2009 या काळात शंभराहून अधिक बाया-मुलींना रात्री गुंगी देऊन त्यांच्यावर अत्याचार झाले, तेही त्यांच्याच समाजातल्या पुरुषांकडून. त्या सांगत होत्या तेव्हा ‘भुताटकी’, ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावलं गेलं. 2011 मध्ये गुन्हेगारांना शिक्षा झाल्या. मेनोनाइट घरातच वाढलेल्या मिरियम टेव्ज यांनी त्यावर ‘विमेन टॉकिंग’ ही कादंबरी लिहिली, तिचा सिनेमाही झाला. जमीन नावावर असणं आणि शब्दाला वजन असणं या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मिळवाव्या लागतात.

शेतकरी संघटनेच्या बायकांनी 1986 मध्ये चांदवडच्या अधिवेशनात हेच दोन्ही मुद्दे धरले होते. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली आणि हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. 1992 मध्ये शासनानेही परिपत्रक काढलं. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज केला की बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागतं. अर्ज मात्र नवऱ्यानेच करायचा असतो, तेव्हा हा अंक आधी त्यांच्या हाती द्या.