पिचर कधी बदलावा?

क्रिकेटमध्ये कर्णधार एखाद्या गोलंदाजाला थांबवतो आणि दहा षटकांनी पुन्हा त्याच्याच हाती चेंडू देतो. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये ही सोय नाही. सामन्यातून एकदा काढलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा खेळू शकत नाही. त्यामुळे पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, बदलण्याच्या निर्णयाला परतीची वाट नसते.

तेथील मेजर लीगमध्ये प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो, तेही जवळजवळ रोज. शंभरएक चेंडू जोर लावून फेकलेला हात दुसऱ्या दिवशी कामाचा राहत नाही. म्हणून सामना सुरू करणाऱ्या पाच पिचरांची पाळी लावतात. पन्नास वर्षांपूर्वी चौघांवरही भागत असे.

फलंदाजीचा क्रम तर गणिताचाच विषय आहे. नऊ फलंदाज ठरल्या क्रमाने फिरत राहतात. बाद झालेलाही पुन्हा येतो. सामना यांपैकी कोणावरही संपू शकतो. सर्वांवर सारखाच संपतो असे धरले, तर १६२ भागिले ९ म्हणजे १८. एक पायरी खाली उतरलेल्या फलंदाजाला हंगामात सुमारे १८ संधी कमी! पूर्वी तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर राखून ठेवलेला पट्टीचा फलंदाज आता पुष्कळदा दुसरा येतो, तो यामुळेच.

आता खरा वादाचा प्रश्न. एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरा जाणारा फलंदाज त्याला ओळखू लागतो व अधिक चांगला खेळतो, असे आकडे सांगतात. २०२० च्या वर्ल्ड सिरीजमधील सहाव्या सामन्यात टॅम्पा बे रेजचा ब्लेक स्नेल डॉजर्सविरुद्ध अप्रतिम फेकत होता. ७३ चेंडूंत नऊ जणांना त्याने ‘स्ट्राइक आउट’ केले होते. डॉजर्सचे पहिले तीन फलंदाज प्रत्येकी दोनदा त्याच्यापुढे असेच हरले होते. रेज १-० ने पुढे. सहाव्या डावात त्याने दुसरा फटका दिला आणि व्यवस्थापक केव्हिन कॅश त्याला घेऊन गेला. निक अँडरसन आला. मूकी बेट्सने त्याला लगेच दुहेरी फटका मारला आणि डावाअखेर २-१ झाले. डॉजर्सने ३-१ असा सामना व अजिंक्यपदही जिंकले.

कॅशने आकड्यांवर विश्वास ठेवला, हा त्याचा दोष मला वाटत नाही. २००३ मध्ये बोस्टनच्या ग्रेडी लिटलने उलट केले होते. थकलेल्या पेद्रो मार्टिनेझला आठव्या डावात ठेवले, ५-२ ची आघाडी गेली आणि पुढे त्याची जागाही गेली. माझी तक्रार निराळी आहे. स्नेलला आकडे लावले, मग अँडरसनला का नाही? तो त्याआधीच्या अनेक सामन्यांत सतत धावा देत आला होता. काढायचा कोणाला एवढेच पाहून भागत नाही. आणायचा कोणाला हेही पाहावे लागते.

पुढे स्नेल डॉजर्सकडेच गेला. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या, निर्णायक सामन्यात नवव्या डावात दोन धावपटू बेसवर असताना व्यवस्थापक डेव्ह रॉबर्ट्सनेही त्याला काढले. त्याच्या जागी आला योशिनोबू यामामोटो. आदल्याच दिवशी त्याने ९६ चेंडू फेकले होते. पाळीचे सारे नियम बाजूला! त्याने एकही धाव दिली नाही आणि अकराव्या डावात डॉजर्स ५-४ ने जिंकले.