कर्करोगावर प्रकाशाचा उतारा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने कर्करोगावरील उपचाराविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. माझे विषय मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र. परंतु घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे वीजबिलापासून डॉक्टरांच्या चिठ्ठीपर्यंत सारे कागद माझ्याकडे येतात. गेल्या पावसाळ्यात मोठेबाबांनी शेजाऱ्याचा मोबाइल माझ्यापुढे धरला. "उजेडानं कॅन्सर बरा होते म्हनते. तू कालेजात जातं ना, मंग वाचून सांग." खर्रा खाऊन खाऊन त्यांच्या गालाच्या आत जखम झाली होती आणि नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले होते.

आठवडाभर मी वाचत होतो. पुस्तकांतले निम्मे डोक्यावरून गेले. खरे समजले ते आमच्या कबऱ्या गाईमुळे.

एका उन्हाळ्यात चारा नव्हता आणि गाय मेळघाटाच्या कडेला रायमुनिया, म्हणजे घाणेरी, खाऊन आली. दोन-तीन दिवसांत तिची पाठ पोळली. गंमत अशी की कातडी फाटली ती फक्त पांढऱ्या ठिकाणी. काळे पट्टे जसेच्या तसे! माय म्हणाली, नजर लागली. गुरांच्या डॉक्टरांनी मात्र आधी तिला सावलीत बांधायला सांगितले. कारण आता कळले. हिरव्या चाऱ्यातील हरितद्रव्यापासून गुरांच्या पोटात फायलोएरिथ्रिन नावाचे द्रव्य तयार होते. निरोगी यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. रायमुनियाने यकृत बिघडले की ते रक्तातून कातडीपर्यंत जाते. तिथे ऊन पडले की ते प्रकाशाची शक्ती शोषून जवळच्या ऑक्सिजनला देते आणि चेतलेला ऑक्सिजन आसपासच्या पेशी जाळतो. काळ्या कातडीत ऊन खोल शिरत नाही, म्हणून ती वाचते.

द्रव्य, प्रकाश आणि ऑक्सिजन ही तीन एकत्र आली तरच पेशी मरते. एक जरी नसले तरी काही होत नाही. जी क्रिया गाईवर उलटली, तीच कर्करोगाच्या गाठीवर वळवायची, एवढीच या उपचाराची कल्पना आहे.

१९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला (तोही आपल्यासारखा विद्यार्थीच!) दिसले की, अ‍ॅक्रिडिन नावाचे रंगद्रव्य पॅरामेशियम हे सूक्ष्म जीव मारते, पण उजेड असेल तरच. १९१२ मध्ये मेयर-बेट्झ या डॉक्टरने हिमॅटोपोर्फिरिन स्वतःलाच टोचून घेतले व तो उन्हात गेला. त्याचा चेहरा सुजला. आमच्या गाईचीच दशा म्हणायची! पुढे अमेरिकेत थॉमस डोहर्टी यांनी १९७० नंतरच्या दशकात हा उपचार रुग्णांपर्यंत नेला.

अडचण एकच होती. औषध गाठीखेरीज इतरत्रही पसरते. यावर हिसाताका कोबायाशी यांनी अमेरिकेत काढलेला तोडगा मला फार आवडला. कर्करोगाच्या पेशीवर नेमके चिकटणारे प्रतिपिंड घ्यायचे आणि त्याला प्रकाशाने चेतणारा रंग जोडायचा. हे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध शिरेतून दिल्यावर दुसऱ्या दिवशी गाठीवर ६९० नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडतात. येथे ऑक्सिजनपेक्षा वेगळी युक्तीही चालते : प्रकाश पडताच रंगाच्या रेणूचा आकार बदलतो, पेशीचे आवरण फाटते आणि पेशी फुगून फुटते. शेजारची निरोगी पेशी बहुतांशी वाचते. जपानने २०२० मध्ये डोके व मानेच्या अशा कर्करोगासाठी याला परवानगी दिली, जिथे ऑपरेशन शक्य नसते.

आपल्याकडेही कामे झाली आहेत. इंदूरच्या राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्रात हरितद्रव्यापासून केलेले क्लोरिन पी६ हॅम्स्टर या प्राण्याच्या गालातील गाठींवर तपासले गेले. पुन्हा हरितद्रव्यच! अलीगढच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगावर बॅटरीवर चालणारा स्वस्त दिवा वापरून पाहिला गेला. ज्या गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तिथल्या माणसाला या बॅटरीचे मोल सांगायला नको. पण ही गाठ लहान आणि उथळ हवी, कारण लाल प्रकाशही मांसात जेमतेम सेंटिमीटरभर शिरतो. गाठ खोल असेल तर सुईसारख्या नळीतून प्रकाशाचा तंतू आत घालावा लागतो.

हे सारे वाचून झाल्यावर उत्तर देणे आले. मोठेबाबांची जखम उथळ राहिली नव्हती, हाडापर्यंत गेली होती. म्हणून दिव्याचा उपाय नाही. आणि डॉक्टर ऑपरेशन होईल म्हणत होते. म्हणजे जपानने ज्यांच्यासाठी परवानगी दिली, त्यांत ते बसत नव्हते. ही दोन वाक्ये बोलायला मला दोन दिवस लागले. ऐकून ते काही वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मंग चाल नागपूरले."

जबड्याचा एक भाग काढला. आता ते पातळ वरण आणि भाताची पेज घेतात, बोलणे अस्पष्ट झाले आहे. परवा मी हा लेख त्यांना वाचून दाखवला. औषध दिल्यावर जपानात रुग्णाला चार आठवडे तीव्र उजेडापासून दूर ठेवतात, हे ऐकताच ते हसले. "म्हंजे कबरीले बांधलं होतं तसं मलेई सावलीत बांधा लागलं असतं!"