धाटाची गाडी



शिरूर-दौंड भागात ज्वारीची काढणी झाली, की धाटांना तोटा नसतो. वरची चिवट साल सोलली, की आत पांढरा, हलका गाभा मिळतो. गाभ्याची चाके, सालीचा आस; झाली गाडी! आमच्या लहानपणी तीच गाडी कधी दौंडहून सुटणारी आगगाडी होई, तर कधी घोडनदी ओलांडणारी एस. टी.

आज गाडी तयार मिळते. मोबाइलवरची जाहिरात पाहून ‘ती नसेल तर खेळच नाही’ असे वाटू लागते. मीही माझ्या मुलाला बॅटरीची मोटार आणून दिली. कळ दाबली की ती पळे, भोंगा वाजवी. तीन दिवसांत ती कपाटावर गेली. तिचे खोके मात्र महिनाभर खेळात होते! कारण उघड आहे. मोटार काय करणार, हे कारखान्याने ठरवले होते. खोके काय होणार, हे मुलगा ठरवत होता.

यात विज्ञान कोठे आले? धाटाची गाडी वाकडी पळाली, तर तुम्ही काय कराल? चाक गोल आहे ना? भोक मधोमध आहे ना? आस घट्ट तर बसला नाही? तर्क करायचा, बदल करायचा, पुन्हा पाहायचे. प्रयोगशाळेत आम्ही हेच करतो. पण उपकरण अडले की हात मागे घेऊन उभे राहणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. त्यांनी कधी काही मोडून-जोडून पाहिलेलेच नसते.

अरविंद गुप्ता हे आय. आय. टी.त शिकलेले अभियंते. पुण्याच्या मोटार कारखान्यातून रजा घेऊन 1978 साली ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्यांनी भूमितीच्या आकृत्या बनवल्या. पुढे पुण्यातील ‘आयुका’च्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंची असंख्य खेळणी केली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता तुम्ही करून पाहा. काड्यांची गुले पाण्यात भिजवून काढून टाका व काड्या वाळवा. नळीचे दीड सें. मी.चे तुकडे कापा. तीन काड्या, तीन तुकडे यांचा त्रिकोण जोडा आणि दाबा. तो हलत नाही. आता चार काड्यांचा चौकोन करा. तो लगेच तिरका होतो! तो इतका तिरका करा, की समोरासमोरच्या दोन सांध्यांत एक काडी मावेल. त्या सांध्यांना बाभळीच्या काट्याने भोके पाडून काडी बसवा. दोन त्रिकोण झाले, आकृती ताठ झाली. पत्र्याच्या छपराच्या कैचीत आणि विजेच्या मनोऱ्यात त्रिकोण का असतात, हे आता तुमच्या बोटांनाच कळले.

टेबलावर सपाट ठेवलेला पंचकोन ताठ करायला आत दोन काड्या लागतात. मग षटकोनाला किती? काड्या हव्या तेवढ्या लांब घ्या. पण उत्तर शिक्षकांना विचारू नका. आणि शिक्षकहो, तुम्हीही सांगू नका!