यशया नक्की कोणाविषयी बोलला?



आगमनकाळ आला की आपल्या उपासनेत यशया संदेष्ट्याची वाचने सुरू होतात. ‘अ’ वर्षातील चौथ्या रविवारी त्याच्या सातव्या अध्यायातील इम्मानुएलचे वाचन असते आणि पाठोपाठ संत मत्तयचे शुभवर्तमान येते. शेकडो वर्षे आधी सांगितले ते जसेच्या तसे घडले, असे समाधान घेऊन आपण घरी जातो. पण ज्या लोकांनी हा ग्रंथ लिहिला, प्राणपणाने जपला आणि आजही मूळ हिब्रूत वाचतात, ते यहुदी लोक या समाधानात सहभागी नाहीत. ‘त्यांची मने कठीण झाली होती’ एवढे म्हणून आपण तो प्रश्न मिटवतो. हे उत्तर नव्हे. त्यांचे म्हणणे काय आहे ते एकदा नीट ऐकून घेऊ या.

कोराडीत आपल्याला यहुदी शेजारी नाही, त्यामुळे यहुदी म्हणजे बायबलमधली, फार दूरची माणसे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मराठी ज्यांची मातृभाषा आहे असे यहुदी आपल्याच महाराष्ट्रात आहेत. कोकणातील बेने इस्राएल समाज अलिबाग, पेण, पनवेलच्या गावांत तेल गाळण्याचा धंदा करीत असे. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. हिब्रू भाषा ते जवळजवळ विसरले होते, पण शब्बाथ आणि सुंता त्यांनी सोडली नाही आणि ‘शमा’ ही प्रार्थना त्यांच्या ओठांवर राहिली. मुंबईत 1796 साली सामुएल दिवेकर यांनी त्यांचे पहिले सभास्थान बांधले.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनरी त्यांच्यापर्यंत पोचले. अमेरिकन मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकली, काही जण शिक्षकही झाले. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 साली त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण तयार केले. आशा अशी होती की हे लोक आपला ग्रंथ स्वतः वाचू लागले, की त्यांना त्यात ख्रिस्त दिसेल. ते वाचू लागले, आणि अधिक चांगले यहुदी झाले! ख्रिस्ती फारच थोडे झाले. शिकलेल्या पुढच्या पिढीने आपल्या प्रार्थना मराठीत आणल्या. जोसेफ एझेकिएल राजपूरकर (1834–1905) यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरे केली, तर 1874 साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायचा ‘हग्गादा’ हिब्रू व मराठीत छापला गेला. म्हणजे यशया आपल्याच भाषेत वाचूनही प्रामाणिक माणूस आपल्यापेक्षा वेगळ्या निष्कर्षाला येऊ शकतो. का बरे?

सातव्या अध्यायापासूनच सुरुवात करू. यहुदी वाचक म्हणतो, चौदावे वचन सुटे काढू नका, अध्याय पहिल्यापासून वाचा. इसवी सनापूर्वी सुमारे 735 साली अराम आणि उत्तरेकडील इस्राएल यांचे राजे यरुशलेमवर चालून येत होते. राजा आहाज घाबरला होता. त्याला धीर देण्यासाठी संदेष्टा खूण सांगतो: एक बालक जन्मेल आणि त्याला बरेवाईट कळू लागण्याच्या आत या दोन्ही राजांचे देश ओसाड पडतील. सात शतकांनंतर जन्मणाऱ्या बालकाने त्या आहाजला कसला धीर मिळणार? शिवाय मूळ शब्द ‘अल्मा’ आहे, म्हणजे लग्नाच्या वयाची तरुण स्त्री. कौमार्य स्पष्ट करायचे असेल तर हिब्रूत ‘बेतुला’ हा शब्द सहसा वापरतात. आपल्या मराठीतही ‘तरुणी’ आणि ‘कुमारी’ यांत केवढे अंतर आहे!

ही हरकत वजनदार आहे. मात्र येथे ख्रिस्ती लोकांनी काही हातचलाखी केली, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. ख्रिस्तजन्मापूर्वीच यहुदी पंडितांनी ग्रीक भाषांतर करताना येथे ‘पार्थेनोस’, म्हणजे सामान्यतः कुमारी, हा शब्द घातला होता. संत मत्तयने तोच घेतला. आणि मरियेच्या कौमार्यावरील आपली श्रद्धा या एका शब्दावर उभी नाही. संत लूक यशयाचा दाखला न देता तेच सांगतात.

होशेयच्या अकराव्या अध्यायाचेही तसेच. मिसर देशातून बोलावलेला ‘पुत्र’ म्हणजे तेथे सरळसरळ इस्राएल राष्ट्र आहे, आणि ते भविष्य नसून इतिहासाची आठवण आहे.

शुभ शुक्रवारी आपण दुःखभोगी सेवकाचे वाचन ऐकतो (यशया 52:13 ते 53:12). ते ऐकताना क्रुसावरील येशूखेरीज आपल्या डोळ्यांसमोर कोणी येत नाही. परंतु तोच ग्रंथ 41, 44 आणि 49 या अध्यायांत ‘सेवक’ म्हणून इस्राएलला हाक मारतो. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती पंडित ओरिजेन यांनी लिहून ठेवले आहे, की त्यांच्याशी वाद करणाऱ्या यहुद्यांच्या मते हा सेवक म्हणजे विखुरलेली, मार खाल्लेली संपूर्ण प्रजा. पुढे युरोपात या प्रजेवर जे गुदरले, आणि त्यात ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचा हात होता, ते पाहता हा अर्थ आपल्याला हसण्यावारी नेता येत नाही.

आमच्या मते सर्वांत मोठी हरकत कुठल्याच शब्दाची नाही. मसीहा येईल तेव्हा तलवारींचे नांगर होतील, राष्ट्रे युद्धकला शिकणार नाहीत, असे यशया म्हणतो. यहुदी माणूस शांतपणे विचारतो: झाले का तसे? आपण म्हणतो, ते ख्रिस्ताच्या पुनरागमनाच्या वेळी होईल. तो म्हणतो, एकच मसीहा दोनदा येणार हे आमच्या ग्रंथात कुठे आहे?

येथे तर्काने त्याला गप्प करता येत नाही आणि तशी गरजही नाही. त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. योहानाच्या चौदाव्या अध्यायातील ‘कैवारी’ म्हणजे महंमद पैगंबर, असे अनेक मुसलमान बांधव मानतात. तो आपला ग्रंथ आहे, आपण म्हणतो, मागचापुढचा संदर्भ पाहा. यहुदीही आपल्याला तेच सांगत आहे.

मग आपण यशया वाचायचा कसा? पोपमहोदयांच्या बायबल आयोगाने 2001 साली यहुदी लोक व त्यांचे पवित्र शास्त्र या विषयावर एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. प्रस्तावना कार्डिनल रात्झिंगर यांची, म्हणजे पुढे 2005 साली पोप झालेले बेनेडिक्ट सोळावे. जुन्या करारातील भाकिते म्हणजे भविष्याची आगाऊ काढलेली छायाचित्रे नव्हेत, असे त्यात बजावले आहे. यहुदी लोकांचे वाचन हेही त्या ग्रंथाचे एक शक्य असलेले वाचन आहे आणि त्यांची मसीहाची प्रतीक्षा व्यर्थ नाही, हेही त्यात आहे. संदेष्टा हा ज्योतिषी नव्हे. तो आपल्या काळातील माणसांशी देवाच्या वतीने बोलतो.

अम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्यांनी सारे संदेष्टे लहानपणापासून ऐकले होते, तरी ते निराश होऊन घरी निघाले होते. प्रभू भेटल्यावर त्यांना तीच वचने उलगडली. आपली श्रद्धा उठलेल्या ख्रिस्तापासून सुरू होते आणि त्या प्रकाशात आपण मागे वळून यशया वाचतो. ज्याला तो प्रकाश दिसलेला नाही, त्याने तीच ओळ वेगळी वाचली तर तो ना मूर्ख, ना लबाड.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपला जुना करार मलाखीने, एलियाच्या येण्याच्या वचनाने संपतो आणि पान उलटले की मत्तय. यहुदी बायबलमध्ये पुस्तके वेगळ्या क्रमाने लावलेली आहेत. तेथे शेवटी इतिहासाचे पुस्तक येते, आणि ते कोरेश राजाने यरुशलेमला परत जाण्याची मुभा दिली तेथे थांबते. एलिया बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रूपाने येऊन गेला, असे आपण मानतो. बेने इस्राएल घरांत मात्र शुभकार्याला गोड पोहे, नारळ आणि फळांचा ‘मलिदा’ मांडतात आणि एलियाहू हन्नाबीचे नाव घेतात. मसीहाच्या पुढे चालणारा तो संदेष्टा अजून यायचा आहे, अशी यहुदी श्रद्धा आहे. आगमनकाळात आपणही वाट पाहणारेच असतो.

पुढील रविवारी मिस्सानंतर बायबल अभ्यासाला येताना यशयाचा सातवा अध्याय पहिल्या वचनापासून वाचून या, फक्त चौदावे नको.