बालशय्या : ‘मृदु’ या शब्दाचा विचार

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात आलेले कुमारागाराचे वर्णन आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. बालकाची शय्या, आस्तरण व प्रावरण ही मृदु, लघु, शुचि व सुगंधी असावीत, असे आचार्य तेथे सांगतात. यांपैकी ‘मृदु’ या शब्दाचा बाजारात आज जो अर्थ झाला आहे, तो बालकाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून वैद्यबंधुभगिनी व औषधी-विक्रेते यांनी त्याचा नीट विचार करणे अगत्याचे आहे.

नवजात बालकाच्या मानेत, रुतलेले नाक उचलून मोकळे करून घेण्याइतके बळ नसते. फुगीर गादीत वा उशीत तोंड बुडाले, की बाहेर टाकलेला श्वासच ते पुन्हा आत घेते. आणि पुष्कळदा ते रडतही नाही. तेव्हा मृदुत्व हे वस्त्राच्या स्पर्शाचे समजावे, गादीच्या खोलीचे नव्हे. याच अध्यायात खेळणी तोंडात शिरणारी नसावीत, प्राणहर नसावीत, असा इशारा आहे. श्वासमार्गाची इतकी काळजी वाहणाऱ्या आचार्यांना बुडणारी शय्या अभिप्रेत असेल, असे मला वाटत नाही.

आधार घट्ट व सपाट हवा. तळहाताने दाबून हात काढताच गादी पूर्ववत झाली पाहिजे. तीवर एकच सुती चादर ताणून, कडा खाली खोचून घालावी. बाळास प्रत्येक झोपेला उताणे निजवावे. हा नियम मात्र अलीकडच्या निरीक्षणांतून आला आहे. तो संहितेत शोधून काढण्याचा खटाटोप करू नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 मध्ये पालथे न निजविण्याचा सल्ला दिला, 1994 पासून त्याचा देशभर प्रचार झाला, आणि पुढील काही वर्षांत तेथील आकस्मिक शिशुमृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले.

आपल्याकडची स्थिती पाहू. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी मागणारी आजी प्रत्येक दुकानात येते. उशीची गरज नाही; जागेपणी, कोणी समोर बसलेले असताना, बाळास थोडा वेळ पालथे ठेवावे आणि झोपताना मानेची बाजू आलटून पालटून बदलावी, एवढे तिला सांगावे. साडीच्या झोळीत बाळाचे अंग वाकते, हनुवटी छातीला टेकते व श्वासमार्ग दबतो. झोळी सर्वस्वी सोडा म्हटले तर कोणी ऐकणार नाही. पण रात्रभराची झोप तीत नको, हे निक्षून सांगता येते. लाकडी पाळण्याच्या गजांत सहा सेंटिमीटरांहून अधिक अंतर नसावे, आणि चिमणाळ्याची दोरी बाळाच्या हाती लागेल इतकी लोंबू नये. कडेने लावायच्या गुबगुबीत गाद्या दिसायला साजऱ्या. अमेरिकेने 2022 च्या कायद्याने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली.

बाळंतिणीच्या कुशीत बाळ निजणे ही आपली रीत आहे. सर्वांत निर्धास्त व्यवस्था म्हणजे आईच्या हाताशी, पण स्वतंत्र व सपाट अंथरूण. सोफ्यावर बाळाला घेऊन डोळा लागणे अतिशय धोक्याचे. आईवडिलांपैकी कोणी धूम्रपान वा मद्यपान करीत असेल, गुंगीचे औषध चालू असेल, अथवा बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर एका अंथरुणात निजविणे टाळलेच पाहिजे. जाड गोधडी आईपुरतीच असावी.

आता धूपनाविषयी. यव, सर्षप, हिंगु, गुग्गुळ, वचा इत्यादींचे घृतयुक्त धूपन चरकांनी बालकाची वस्त्रे, आस्तरणे व प्रावरणे यांसाठी सांगितले आहे. बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवून बाळाभोवती धूर कोंडणे हा त्याचा अर्थ नव्हे. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे घरच्यांना कळतही नाही. कुमारागार निवात असावे, तरी एका बाजूने वारा खेळता असावा, हेही त्याच ठिकाणी आहे. दुपटी दुसऱ्या खोलीत धुपवून, धूर पूर्ण गेल्यावर वापरावीत. धूपनद्रव्ये विकणाऱ्या बंधूंनी पुडीवर हे छापले तर उत्तम.

बाळंतविड्याचे संच करणाऱ्यांनी त्यातील उशी काढून तिच्या जागी दोन सुती चादरी घालाव्यात. किंमत फारशी बदलणार नाही. आणि झोपेत बाळाचे ओठ निळे पडले किंवा श्वास थांबल्यासारखा वाटला, असे कोणी सांगत आले, तर काउंटरवर औषध न देता त्यास तत्काळ रुग्णालयात धाडावे, बाळ त्या क्षणी हसत-खेळत असले तरीही.