देवपूजेची ठेंगणी झुडपे

देवपूजेला आपल्या अंगणातील फूल असावे, अशी प्रत्येक भाविकाची इच्छा असते. त्यासाठी मोठी बाग लागत नाही. कमरेइतकीच वाढणारी पुढील तीन झुडपे कुंडीतही सुखाने नांदतात.

अबोली : हिला सुगंध नाही, परंतु खुडलेले फूल दोन-तीन दिवस टवटवीत राहते. म्हणूनच कोकण-गोव्यात देवीच्या वेणीत व स्त्रियांच्या गजऱ्यात अबोलीला मान आहे. तुरा खालून वर उमलत जातो. अर्धवट सावली हिला मानवते. पक्व बोंडाला पाणी लागताच ते तडकून बी दूर उडते व नवी रोपे आपोआप उगवतात.

कोरांटी : संस्कृतातील कुरंटक ती हीच. पिवळ्या फुलांच्या या काटेरी झुडपाचे उत्तम कुंपण होते. दातांच्या दुखण्यावर परंपरेने वापरली जात असल्याने हिला वज्रदंती असेही म्हणतात.

सदाफुली : ही मूळची मादागास्कर बेटावरील. थोड्या पाण्यावर वर्षभर फुलते. कडवटपणामुळे गुरे हिला तोंड लावीत नाहीत. मधुमेहावर हिच्या पानांचा काढा घेण्याची प्रथा अनेक देशांत होती. तिची परीक्षा कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीर यांनी १९५० च्या दशकात केली. प्रयोगात रक्तातील साखर उतरली नाही. पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून व्हिन्ब्लास्टीन हे कर्करोगावरील औषध हाती आले. याच झुडपातून मिळालेले व्हिन्क्रिस्टीन आजही बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावर दिले जाते. ग्रॅमभर व्हिन्क्रिस्टीनसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात.

येथेच भाविकांनी सावध राहावे. 'सदाफुली औषधी आहे' एवढेच ऐकून काहीजण तिची पाने-फुले रोज चावून खातात. जे द्रव्य कर्करोगाच्या पेशी मारते, ते निरोगी पेशींनाही अपाय करते. रुग्णालयात ते मोजून, शिरेवाटे व तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिले जाते. पानातील त्याचे प्रमाण घरी कळणे शक्य नाही. म्हणून सदाफुली देवाला अवश्य वाहावी. पोटात मात्र घेऊ नये. मधुमेहाचे चालू औषध तिच्या भरवशावर कदापि बंद करू नये.

मंदिराच्या बागेतील फुले श्रींच्या पूजेसाठी आहेत. ती कृपया तोडू नयेत. आपल्या अंगणी यांतील एक रोप लावावे व पहिले फूल देवाला अर्पावे.