आपल्यातलाच एक

वाचन : मत्तय २६:१४-२५, २७:३-५, योहान १२:१-८, १३:२१-३०



विश्वासघात म्हटला की आपल्याला यहुदा आठवतो. चित्रांत आपण त्याला लगेच ओळखतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी मात्र त्याला कोणीच ओळखले नाही. तो बारा जणांपैकी एक होता, सर्वांच्या पैशांची पिशवी त्याच्याकडे होती. तुमच्यातलाच एकजण मला धरून देईल, असे प्रभूने सांगितले तेव्हा कोणीही यहुदाकडे बोट दाखवले नाही. प्रत्येकाने 'तो मी तर नाही ना?' असेच विचारले. तो उठून बाहेर गेला तेव्हाही काहींना वाटले, सणाची खरेदी करायला किंवा गरिबांना काही द्यायला गेला असेल.

असा घात एका रात्रीत घडत नाही. बेथानीत मरियेने प्रभूच्या पायांना सुगंधी तेल लावले. यहुदाने त्याची किंमत ३०० दिनार सांगितली, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. त्याने गरिबांचे नाव पुढे केले. पण तो पिशवीतले पैसे चोरत असे, असे योहान स्पष्ट लिहितो. आधी लहान चोरी, मग तिच्यावर चांगल्या शब्दांचे पांघरूण आणि शेवटी चांदीची ३० नाणी.

त्याच रात्री पेत्रानेही प्रभूला तीनदा नाकारले. मग फरक कोठे? पस्तावा दोघांनाही झाला. यहुदाने पाप कबूल केले, पैसेही परत केले. परंतु तो गेला मुख्य याजकांकडे, आणि त्यांनी हात झटकले. त्याने आशाच सोडली. पेत्र रडला, पण इतर शिष्यांत राहिला आणि पुनरुत्थित प्रभूला भेटला. यहुदाचा न्याय करणे आपले काम नाही, असे पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी १८ ऑक्टोबर २००६ रोजीच्या शिकवणीत सांगितले होते.

आपल्या घरात, भावकीत, एखाद्या मंडळात आपल्याच माणसाने आपल्याला फसवले असेल. क्षमा करणे म्हणजे हिशेब न मागता पिशवी पुन्हा त्याच्या हाती देणे नव्हे. पण तो खाली मान घालून परत आला, तर त्या याजकांसारखे दार लावून घेणे आपल्याला शोभत नाही.

चिंतनासाठी :
१. माझ्या कोणत्या लहान चुकीवर मी चांगल्या शब्दांचे पांघरूण घालतो?
२. शेवटचे पापनिवेदन मी केव्हा केले?
३. कोण माझ्या दारातून परत गेला आहे?